बोल, मी ऐकतेय

४ फेब्रुवारी

राजाच्या अंगरख्याला कसर लागली! भोकं नेमकी छातीवर, पहिल्या रांगेला दिसतील अशी. मखमलीचा तुकडा कापून त्यावर पदक शिवलं. आता राजा जास्तच शूर वाटतो. नाट्यविभागात अठरा वर्षं मी हेच करतेय. विभागात माझ्या हुद्द्याला 'वेशभूषा प्रमुख' म्हणतात. प्रमुखाच्या हाताखाली एक मशीन, एक इस्त्री आणि मी.

माझी खोली रंगमंचाच्या बरोबर खाली. त्यांची जमीन ती माझं छत. नाटकं मी बघत नाही, खालून ऐकते, तीही पायांची. धाडधाड चालला तो खलनायक, घोटाळत चालला तो नायक, एका जागी उभा राहिला तो संवाद विसरला. बाकी मशीनच्या घरघरीत काही कळत नाही. अठरा वर्षांत एकाही नाटकाचा शेवट मला माहीत नाही!

आमची कन्या खाली आली होती. शेवटचं वर्ष. परीक्षेचं नाटक तिनेच लिहिलंय, तीच बसवतेय. म्हटलं, "दे की वाचायला." तर म्हणे, "नको. तू व्याकरण काढशील."

मी कशाला व्याकरण काढू? आणि व्याकरण 'काढत' नाहीत, व्याकरणाच्या चुका काढतात. तसं तिला सांगितलंही.

६ फेब्रुवारी

कन्येने मुख्य बाईचं वर्णन दिलं, कपड्यांसाठी. पन्नाशीची. घरी टायपिंगची कामं घेते. दिवसभर टाइपरायटरपुढे. घरातलं कोणी काही सांगायला आलं की म्हणते, "बोल, मी ऐकतेय" आणि टाइप करतच राहते.

हसून हसून पोट दुखलं. लगेच ओळखलं — ग्रंथपालबाई! अजूनही कार्डं टाइप करत बसतात, पुस्तक मागायला गेलं की मान वर न करता नुसतं "हं".

म्हटलं, "अगं, त्या ओळखतील ना स्वतःला!"

कन्या माझ्याकडे बघतच राहिली. "कोण ओळखेल?"

"असू दे, असू दे. मी नाही कोणाला सांगणार."

स्वेटर मी ठरवला. राखाडी, कोपरावर विरलेला. अशा बायका नवा स्वेटर कपाटात घडी घालून ठेवतात आणि जुनाच ओढतात. कन्या म्हणाली, "तुला बरं माहीत!" म्हटलं, "माणसं वाचता येतात मला, बाळा."

(लिहिता लिहिता अंगावर नजर गेली. माझाही राखाडीच आहे. पण कोपरावर विरलेला नाही. रफू केलेला आहे. फरक आहे.)

९ फेब्रुवारी

हे एक वाजता डबा घेऊन आले. दोन वर्षं झाली, रोज येतात. त्याआधी सव्वीस वर्षं कॉलेजची बस चालवली — खालच्या गावातून पोरं वर आणायची, संध्याकाळी खाली सोडायची. घाटातलं प्रत्येक वळण पाठ. पण वळण पाठ असून चालत नाही, दिसावंही लागतं म्हणे. डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले आणि किल्ली गेली. आता बसऐवजी डबा.

येतात, स्टुलावर बसतात, बटणांच्या डब्यात हात घालून ढवळत राहतात. मग जातात. आधीपासूनच कमी बोलणारे, आता तर शब्द विकत आणावे लागत असल्यासारखे.

आज मात्र म्हणाले, "अगं, एक सांगायचं —"

मी म्हटलं, "थांबा हो, सुईत दोरा ओवतेय."

दोरा ओवून मान वर केली तर स्टूल रिकामं! काय सांगायचं होतं कोण जाणे. बहुतेक गॅस संपला.

१० फेब्रुवारी

गॅस संपलेला नाही.

१४ फेब्रुवारी

नाटकातली बाई करणारी मुलगी मापाला आली. तिला सगळे लंबी म्हणतात. स्वेटरच्या बाह्या तिच्या मनगटापर्यंत पोचेनात.

ती म्हणाली, "काकू, ही बाई मला अजून सापडत नाहीये. समोरचा बोलत असताना ही करते काय?"

आता मला कोणी अभिनयातलं विचारलं म्हणजे झालंच! म्हटलं, "हे बघ. समोरच्याच्या डोळ्यात नाही बघणार ती. त्याच्या कपड्यांकडे बघेल. तो पोटतिडकीने काही सांगत असेल, आणि हिला दिसेल त्याचं बटण उघडं आहे. मग ती ते लावून देईल. वर म्हणेल, 'हं, मग?'"

बोलता बोलता मीच तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावून दिलं. लंबीचा आ वासलेला तसाच. मग म्हणाली, "काकू, हे लिहून घेऊ?"

लिहून घे म्हटलं! दिवसभर तरंगत होते. दिग्दर्शनच करायला हवं होतं मी, उगाच तुरपाईत आयुष्य गेलं.

१८ फेब्रुवारी

आज जे झालं ते लिहावं की नाही? लिहितेच. वही माझी, लाजही माझीच.

दुपारी ग्रंथपालबाई खाली आल्या, कोटाचं अस्तर उसवलं होतं म्हणून. मला त्यांची इतकी कीव आली! बिचारीला काही कल्पना नाही, दहा दिवसांनी सगळं कॉलेज हिला हसणार. अस्तर शिवता शिवता म्हटलं, "बाई, नाटक बघायला याल ना? वाईट वाटून घेऊ नका हं. पोरं आहेत. प्रेमानेच करतात."

"मला कशाला वाईट वाटेल?"

"नाही म्हणजे... ती टाइप करणारी बाई..."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत घातला. मग हळूच म्हणाल्या, "अहो, त्या पोरीचं स्क्रिप्ट मीच टाइप करून दिलंय. पहिल्या खर्ड्यात टाइपरायटर नव्हताच. शिलाई मशीन होतं."

मी टाके घालतच राहिले. हातात सुई, तोंडात टाचण्या.

"नंतर तिने बदललं. म्हणाली, मशीन ठेवलं तर आईला पहिल्या मिनिटात कळेल. आणि माझा टाइपरायटर मागून घेऊन गेली."

मी कोटाचं अस्तर माझ्याच पदराला शिवून टाकलं होतं. बाई जायला उठल्या आणि मीही त्यांच्यामागे दोन पावलं गेले!

१९ फेब्रुवारी

म्हणजे मी पंधरा दिवस स्वतःवरच हसत होते. शिवाय लंबीला बटणाची युक्तीही मीच पुरवली. स्वतःची नक्कल स्वतः शिकवणारी बाई जगात एकच असेल.

२० फेब्रुवारी

सूड घेतला. लंबीच्या बाह्या वाढवायच्या होत्या, त्या दोन इंच आणखी कमी केल्या. आता करा म्हणावं नाटक!

२१ फेब्रुवारी

लंबीने बाह्या बघून मला मिठीच मारली. "काकू, काय दिसतंय! हात नुसते टाइप करायला पुढे आल्यासारखे!" सूडही नीट घेता येत नाही मला.

डब्याच्या वेळी ह्यांना सांगितलं. सगळं. कन्येने कसा माझा तमाशा मांडलाय, मी कशी रात्रंदिवस राबले ह्या पोरीसाठी, आणि ही! हे ऐकून घेत होते. बटणं ढवळत होते.

"तुम्हीच सांगा, मी अशी आहे का?"

ह्यांनी एक बटण उचललं, परत टाकलं. मग म्हणाले, "शेवट काय केलाय तिने?"

"कसला शेवट?"

"नाटकाचा."

मला शेवट कुठला माहीत असायला! म्हटलं, "काहीही असेल. माझ्या प्रश्नाचं उत्तर द्या." तर ह्यांनी डबा बंद केला आणि निघाले.

२४ फेब्रुवारी

रंगीत तालीम. मी वर गेले नाही. रुसलेय ना! पण मशीन बंद केलं आणि छताकडे तोंड करून बसले. नुसते हशे ऐकू येत होते. दर दोन मिनिटांनी टाइपरायटर खडखडायचा, लंबी म्हणायची, "बोल, मी ऐकतेय," की हॉल फुटायचा. तालमीला बसलेली वीस माणसं, आवाज दोनशेचा!

मग एकाएकी सगळं थांबलं. बराच वेळ काहीच नाही. मला वाटलं, लाइट गेली. वर जाऊन दिवेवाल्याला विचारलं, तर तो डोळे पुसत होता. म्हणाला, "काकू, शेवट तुम्ही बघाच." म्हटलं, "धुळीने पाणी येतं डोळ्यांना. पडदे झाडत नाही तुम्ही कोणी."

कन्या विंगेत उभी होती. मला बघून म्हणाली, "येशील ना प्रयोगाला? हॉलमध्ये. खाली नाही."

मी म्हटलं, "बघू. कामं आहेत." मग तिच्या कॉलरला चिकटलेला दोरा दिसला. हात पुढे गेलाच होता, मागे घेतला. तिने बघितलं ते.

२८ फेब्रुवारी

प्रयोग. चार वाजता. नवा स्वेटर घातला — निळा! कपाटातला! तिसऱ्या रांगेत मी, शेजारी हे.

काय सांगू? मी हसले. खरंच. लंबीने माझी मान, माझं "हं, मग?", माझं "थांब हां, एवढी ओळ होऊ दे" असं काही उचललंय की पुढच्या रांगेतली माणसं वळून वळून माझ्याकडे बघत होती. मग मी उठून थोडी मान लववली. टाळ्या पडल्या. म्हटलं, नाक कापलंच आहे, तर निदान ऐटीत मिरवावं.

नवरा येतो, सांगतो, नोकरी गेली. "बोल, मी ऐकतेय." शेजारीण येते, सांगते, घराला आग लागलीय. "हं, मग?" बाई तिचं बटण लावते. हॉल लोळतोय.

शेवटी नाटकातली मुलगी येते. हसावं म्हणून सगळे आधीच तोंडं उघडून बसलेले. ती दाराशी उभी राहून काहीतरी सांगते. टाइपरायटरच्या आवाजात ऐकू येत नाही. बाई म्हणते, "मोठ्याने बोल गं, मी ऐकतेय." हशा. मुलगी पुन्हा सांगते. पुन्हा खडखड. "अगं, मोठ्याने!" आणखी मोठा हशा. मग मुलगी म्हणते, "काही नाही. भूक लागलीय."

बाई कागद काढून दुसरा घालते. तेवढाच वेळ शांत. त्या शांततेत मुलगी आमच्याकडे, प्रेक्षकांकडे वळते आणि साध्या आवाजात म्हणते, "आज दुपारी कड्याच्या अगदी टोकाला गेले होते. उडी मारायलाच. पण परत घरी आले."

आणि टाइपरायटर पुन्हा सुरू. पडदा.

टाळ्या वाजायलाही वेळ लागला. मी शेजारी बघितलं. हे नव्हते. कधी उठून गेले कळलंच नाही. बाहेर पायरीवर बसलेले सापडले. म्हणाले, "आत गुदमरलं."

१ मार्च

तो दिवस मला आठवतो.

दोन वर्षांपूर्वी हॉलचे पडदे शिवत होते. मरून रंग, चोवीस पट्टे, दुसऱ्या दिवशी संमेलनाचं उद्घाटन. ह्यांची बस नुकतीच सुटलेली, घरात सुतकी कळा, आणि मला वाटत होतं बरं झालं पडद्यांचं काम आलं, घरी जायला नको. कन्या खाली आली. दाराशी उभी होती. तिच्या बुटांना लाल माती होती, मी म्हटलं, "पडद्यांवर येऊ नकोस!" ती काहीतरी बोलली. मी म्हटलं, "मोठ्याने बोल." ती बोलली. मग म्हणाली, भूक लागलीय.

पडद्याचा कपडा कुठला होता ते सांगते. किती मीटर लागला ते सांगते. विसाव्या पट्ट्याला बॉबिन संपलं होतं. पोरगी काय म्हणाली ते मला माहीत नाही. काल पाचशे माणसांबरोबर मलाही पहिल्यांदा कळलं.

२ मार्च

सुट्टी. विचारायचं ठरवलं. चहा केला, समोर बसले, हात मांडीवर ठेवले, डोळ्यात बघितलं.

"बोल," म्हटलं, "मी ऐ —"

पुढचं तोंडातून फुटेना. कन्या फिस्सकन हसली. मीही हसले. चहा पिऊन ती गेली. हे पेपरमागे. पेपर उलटा होता, पण डोळेच अधू, त्याला ते काय करणार!

३ मार्च

आईपणा अंगात आलाय, बावीस वर्षं उशिराने. कन्या जाईल तिथे मागे मागे जातेय. सकाळी कॅन्टीन. मग वाचनालय — ग्रंथपालबाईंनी टाइप करणं थांबवून माझ्याकडे बघितलं, हे आक्रीतच. मग कड्याकडे जाणाऱ्या वाटेच्या तोंडाशी एक तास उभी राहिले. थंडीने दात वाजत होते. तिकडे कोणी आलं नाही, एक कुत्रं आलं.

मशीन सुरूच केलं नाही. राजाचं पदक पुन्हा सुटलंय म्हणे. सुटू दे.

४ मार्च

शिल्पकलेच्या वर्गात पकडली गेले. कन्या मैत्रिणीशी बोलत होती, मी एका प्लास्टरच्या योद्ध्यामागे लपले होते. योद्ध्याला डोकं नव्हतं, त्यामुळे माझंच डोकं त्याच्या मानेवर दिसत होतं! दोघी-तिघींनी तर स्केचही काढलं.

"आई, तू माझ्यामागे का फिरतेयस?"

काय काय ठरवलं होतं बोलायचं. तोंडातून आलं ते एवढंच, "तू कड्यावर गेली होतीस आणि मी पडदे शिवत होते."

तिथेच रडले. सगळ्या वर्गासमोर, त्या बिनडोक योद्ध्याला धरून. कन्येने मला बाहेर नेलं, नळावर तोंड धुवायला लावलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, तुला काय वाटलं? मी?"

"मग कोण?"

तिने नळ बंद केला. म्हणाली, "शपथ घातलीय मला. दोन वर्षं पाळली. त्या दिवशी मोडायलाच आले होते तुझ्याकडे." मग म्हणाली, "उद्या सकाळी. घरी. बाबा बाजारात गेले की."

५ मार्च

कड्यावर ती नव्हती. हे होते.

बस सुटल्याच्या पाचव्या दिवशी. तिला ते वाटेवर दिसले, ती मागे धावली, हाताला धरून घरी आणलं. आईला सांगायचं नाही म्हणून शपथ घातली. ती तशीच माझ्याकडे आली. नाटकात बाबांच्या जागी मुलगी घातली, ती त्यांचा मान राहावा म्हणून.

"आता बरे आहेत का ते?" मी विचारलं. कन्या म्हणाली, "ते मला कसं माहीत असणार, आई? मला सांगत नाहीत. तुला सांगायला रोज येतात."

हे बाजारातून आलेत. स्वयंपाकघरात भाजी धुण्याचा आवाज येतोय. आत जाऊन 'अहो' म्हणायचं, एवढं ठरलंय. पुढचं नाही.